शिंकणारी शेड आणि चुकीची लस : पुण्याजवळच्या एका ससेपालनाचं प्रकरण

सिंहगड रस्ता शहराबाहेर पडून पुढे जातो, त्या बाजूच्या एका गावातली ही गोष्ट आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. शेड सांभाळणाऱ्या बाईंना इथे ताई म्हणते, त्यांच्या सासऱ्यांना आबा. मी पशुवैद्यक आहे. या प्रकरणात मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आले, म्हणजे पहिली शिंक ऐकू आल्यानंतर सहा आठवड्यांनी. पुढचं वाचताना हा उशीर ध्यानात ठेवावा, कारण बरेचसे निर्णय मी पोहोचण्याआधीच घेतले गेले होते.

पार्श्वभूमी

ताईंकडे न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला जातीच्या ३६ माद्या आणि ५ नर होते. शेड सिमेंटच्या पत्र्याची, पिंजरे दोन मजली, खाली लेंडी-मूत्र पडायला खड्डा. खाद्याला पेलेट आणि बांधावरची लसूणघास. चार वर्षं व्यवसाय नीट चालला होता. काही माल हॉटेलांना जायचा, काही पिल्लं पाळायला म्हणून शहरात. ताईंची वही पाहण्यासारखी होती: प्रत्येक मादीचा नंबर, नर दाखवल्याची तारीख, ३१ दिवसांनी व्याण्याची तारीख, किती पिल्लं झाली, किती जगली. पुढे आम्हाला जे काही कळलं, त्यातलं निम्मं या वहीमुळे कळलं.

नोव्हेंबरात त्यांनी दुसऱ्या एका पालकाकडून ८ माद्या विकत आणल्या. दिसायला धडधाकट, वजनाला चार किलोच्या पुढे. आणल्या त्याच संध्याकाळी त्या रिकाम्या पिंजऱ्यांत गेल्या, जुन्या माद्यांच्या मधल्या रांगेत.

त्याच सुमारास थंडी पडली. पुण्याच्या आसपास डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो. पिल्लं गारठतील म्हणून आबांनी शेडच्या चारी बाजूंनी ताडपत्री आणि गोणपाट लावून घेतलं. वास यायला लागला, तेव्हा ‘जंतू मरतील’ म्हणून लेंडीच्या खड्ड्यात रोज चुना टाकायला सुरुवात केली.

अडचण

नोव्हेंबरच्या शेवटी नवीन माद्यांपैकी दोघी शिंकू लागल्या. ताईंना वाटलं, गवताची धूळ असेल. दहा दिवसांत शेजारच्या पिंजऱ्यांतूनही शिंका ऐकू यायला लागल्या. नाकातून आधी पाण्यासारखं, मग पांढरट-पिवळं घट्ट यायला लागलं. ससा पुढच्या पायांनी नाक पुसतो. त्यामुळे पुढच्या पायांची आतली बाजू चिकट होऊन केस गुठळ्यांसारखे वाळलेले दिसतात. नाक स्वच्छ दिसलं तरी हे पाय खोटं बोलत नाहीत. सकाळी खाद्य टाकताना पंजा उलटा करून पाहायचा, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याला आजार आठवडाभर आधी कळतो.

ससा श्वास जवळजवळ पूर्णपणे नाकानेच घेतो. तोंडाने श्वास घेणारा ससा म्हणजे अगदी टोकाला गेलेला ससा. म्हणून माणसाला जे नुसतं सर्दी-पडसं वाटतं, ते सशाच्या जिवावर बेतू शकतं. डिसेंबर संपेपर्यंत ४४ पैकी १८ माद्यांना लक्षणं दिसली आणि त्यातल्या ४ मेल्या. पिल्लं किती गेली, तो आकडा ताईंनी वहीत लिहिला आणि मग त्यावर रेघ मारली. मला तो सांगताना त्यांचा आवाज बसला होता. ३१ पिल्लं गेली होती.

आधीच दिलेली लस

डिसेंबरच्या मध्यावर ताईंनी इंटरनेटवर शोधाशोध केली. परदेशात सशांना दरवर्षी लस देतात, असे बरेच व्हिडिओ त्यांना दिसले. मग आपल्याकडे का नाही? प्रश्न रास्तच होता. फक्त युरोपात सशांना नेहमी दिल्या जाणाऱ्या त्या लसी मिक्झोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोग या दोन विषाणूजन्य आजारांच्या असतात. ताईंच्या शेडमध्ये फिरत होता तो जिवाणू. त्या लसी मिळाल्या असत्या तरी इथे त्यांचा काही उपयोग नव्हता.

मग जनावरांची इंजेक्शनं देणाऱ्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाने सुचवलं, ‘सशाला होतो तो पाश्चुरेला, आणि म्हशीच्या घटसर्पाचा जंतूही पाश्चुरेलाच. पावसाळ्याआधी गुरांना देतो ती लस थोडी थोडी टोचू.’ ऐकायला हे अगदी पटण्यासारखं आहे. जंतूचं नाव खरंच एक आहे, पाश्चुरेला मल्टोसिडा. ताईंनी १४ माद्यांना ती लस टोचून घेतली. त्यात गाभण किती आणि आजारी किती, हे कुणी पाहिलं नाही.

मी गेले तेव्हा या १४ पैकी ५ जणींच्या मानेमागे गाठी होत्या आणि त्यातल्या तिघींच्या गाठींचं गळू झालेलं होतं. सशाचा पू पातळ नसतो. तो चक्क्यासारखा घट्ट असतो आणि भोवती जाड पिशवी धरतो. चीर देऊन पिळून काढायची सोय नसते. बहुतेक वेळा पिशवीसकट कापून काढावं लागतं. गुरांच्या लसीत परिणाम लांबवण्यासाठी तेल किंवा तुरटीचं मिश्रण असतं. म्हशीच्या जाड कातडीखाली ते सहन होतं, सशाच्या पातळ कातडीखाली त्याचा त्रास होऊ शकतो. त्यातून एकच सुई सगळ्यांना फिरली होती. त्यामुळे गळवं लसीच्या तेलाने झाली की सुईने, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. दोन्हींमुळे, असं माझं मत आहे.

आता मूळ प्रश्न असा की, लसीने शिंका थांबल्या का? वही समोर होती म्हणून मोजता आलं. लस टोचलेल्या १४ पैकी ६ माद्या आजारी पडल्या आणि न टोचलेल्या ३० पैकी १२. इतक्या कमी सशांवरून आणि इतक्या ढिसाळ निवडीवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, पण लस दिलेल्यांना काही फायदा झाल्याची खूण त्यात नव्हती.

असं का झालं असावं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण हा सल्ला गावोगाव दिला जातो. पाश्चुरेला मल्टोसिडाच्या पेशीवर एक आवरण असतं, आणि त्या आवरणाच्या प्रकारांवरून जंतूचे ए, बी, डी, ई आणि एफ असे गट पाडतात. आपल्याकडे म्हशी-गाईंचा घटसर्प बी गटाच्या जंतूमुळे होतो आणि त्याची लसही बी गटाचीच असते. सशांमध्ये बहुधा ए गट सापडतो, कधी डी किंवा एफ. एका गटाच्या लसीवर दुसऱ्या गटापासून संरक्षणाची भिस्त ठेवता येत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टोचलेली मृत जंतूंची लस रक्तात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. त्यांचा उपयोग फुप्फुसं आणि रक्त वाचवायला होतो. पण हा जंतू राहतो नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर आणि तिथलं संरक्षण वेगळ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं असतं. म्हणून अगदी योग्य गटाची मृत लस दिली तरी न्यूमोनिया आणि मरतूक कमी होण्याची आशा धरता येते, नाकात आधीच वस्तीला आलेला जंतू तिने निघून जात नाही. ज्या सशात जंतू आधीच आहे तो लसीनंतरही शेजाऱ्याला तो देत राहू शकतो.

लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर प्रयोगशाळेत दुबळा केलेला जंतू वापरून लस केली, तो जंतू हाच. पुढे त्याला नावही त्यांच्यावरूनच मिळालं. प्रयोगशाळेतल्या लसींची सुरुवात ज्या जंतूपासून झाली, त्याच्यावर ताईंच्या सशांसाठी बाजारात मला एकही लस सापडली नाही. मी औषधांच्या घाऊक विक्रेत्यांकडे आणि दोन उत्पादकांकडे फोन करून विचारलं. सशांसाठीची पाश्चुरेलाची लस कुणाकडेच नव्हती.

तपासणी

पहिल्या भेटीत मी शेडमध्ये उभी राहिले तेव्हा वास येत होता, पण सहन होण्यासारखा. मग खालच्या पिंजऱ्याच्या उंचीवर उकिडवी बसले. मिनिटभरात डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ससे चोवीस तास त्याच हवेत होते. अमोनिया नाकाच्या अस्तरावरची बारीक लव निकामी करतो. ती लव जंतू बाहेर ढकलत असते. ती निकामी झाली की, एरवी गप्प बसलेला पाश्चुरेला आत उतरतो.

आबांचा चुना यात भर घालत होता. चुना अल्कधर्मी असतो. मूत्राने भिजलेल्या लेंडीवर तो पडला की, त्यात अडकलेला अमोनिया मोकळा होऊन हवेत येतो. आबांना हे सांगणं मला जड गेलं. ते रोज पहाटे उठून, सशांच्या भल्यासाठी, गुडघे दुखत असताना खड्ड्याच्या कडेला बसून चुना पसरत होते. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, ‘मग आजपासून बंद.’

मेलेल्या दोन माद्यांचं शवविच्छेदन केलं. फुप्फुसांचा पुढचा-खालचा भाग यकृतासारखा घट्ट झाला होता आणि त्यावर पांढरट पापुद्रा होता. आजारी ८ आणि निरोगी दिसणाऱ्या ४ माद्यांच्या नाकात खोलवर बारीक स्वॅब घालून नमुने घेतले. पुण्यात असण्याचा एक फायदा म्हणजे औंधला राज्याचा पशुरोग अन्वेषण विभाग आहे आणि शहरात खासगी प्रयोगशाळाही आहेत. नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवता येतात. उन्हात चार तास फिरलेल्या स्वॅबमधून हा जंतू वाढेलच याचा भरवसा नसतो.

अहवाल आला. आजारी ८ पैकी ७ आणि निरोगी दिसणाऱ्या ४ पैकी १ मादीत पाश्चुरेला मल्टोसिडा होता. गट ए. तिघींमध्ये बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिकाही होता. हा दुसरा जंतू सशात बऱ्याचदा गुपचूप राहतो, पण नाकाचं अस्तर कमकुवत करून पाश्चुरेलाला वाट करून देऊ शकतो. गिनीपिगला मात्र तो जीवघेणा ठरतो. ताई पुढच्या वर्षी गिनीपिग आणायचं म्हणत होत्या, तो बेत तिथेच थांबला.

निरोगी दिसणाऱ्या मादीत जंतू सापडला, तेव्हा प्रकरणाचं रूपच बदललं. नुसत्या शिंकणाऱ्या माद्या काढून भागणार नव्हतं.

समोर होते ते पर्याय

पहिला पर्याय होता सगळ्यांना पाण्यातून प्रतिजैविक (अँटिबायोटिक) देण्याचा. कोंबड्यांच्या अमॉक्सिसिलिन पावडरीचं पाकीट ताईंनी आणूनही ठेवलं होतं. ते फोडायच्या आत मी पाहिलं, ही या प्रकरणातली नशिबाची गोष्ट. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन सशाच्या पोटात गेली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जुलाब लागून ससा दगावू शकतो. त्यातच आजारी ससा पाणी कमी पितो. म्हणजे ज्याला औषध हवं त्यालाच ते सर्वांत कमी मिळतं.

दुसरा पर्याय शेड पूर्ण रिकामी करून नव्याने सुरू करण्याचा. वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत स्वच्छ, पण चार वर्षांची निवड वाया जाणार. ताईंच्या उत्तम माद्या पहिल्याच वेतापासून सात-आठ पिल्लं वाढवणाऱ्या होत्या. आणि नवीन ससे आणायचे कुठून? खात्रीचा जंतुमुक्त कळप माझ्या माहितीत जवळपास नव्हता.

तिसरा पर्याय होता स्वतःच्या शेडमधल्या जंतूपासून लस बनवून घेण्याचा. आपल्याच सशांच्या नाकातला जंतू वाढवायचा, फॉर्मॅलिनने मारायचा, निर्जंतुकता आणि सुरक्षितता तपासायची आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस टोचायचे. गट नक्की जुळणार, हा त्याचा मोठा गुण. यावर मी सर्वांत जास्त विचार केला. पण लसनिर्मिती हा परवान्याचा विषय आहे. १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेतलं ते काम कुणाच्या तरी ओळखीने छोट्या प्रयोगशाळेत उरकण्यासारखं नाही. ज्या दोन उत्पादकांना विचारलं, त्यांनी पन्नास सशांसाठी तुकडी काढणं परवडत नसल्याचं सांगितलं. मिळाली असती तरी जंतू वाढवण्यापासून दुसऱ्या डोसनंतर प्रतिकारशक्ती येईपर्यंत अडीच-तीन महिने गेले असते.

चौथा पर्याय कष्टाचा होता: हवा सुधारायची, वाहक म्हणजे आजारी न दिसता जंतू बाळगणारे ससे शोधून वेगळे करायचे आणि निरोगी माद्यांचा वेगळा कळप उभा करायचा.

ताईंचा कल लसीकडे होता. ‘डॉक्टर, काहीही खर्च येऊ दे, पण लस मिळवा.’ मला तो कल समजत होता. लसीत एक दिलासा असतो, काहीतरी ठोस केल्याचा. पण मी त्यांना विचारलं, उद्या सकाळी ती लस हातात आली तर कुणाला टोचायची? आजारी माद्यांना देऊन उपयोग नाही. वाहक माद्यांच्या नाकातून जंतू जाणार नाही. उरल्या निरोगी. पण त्या कोणत्या, हे आपल्याला कुठे माहीत आहे? आधी त्या शोधायला हव्यात. म्हणजे लस मिळवायची ठरली तरी चौथा पर्याय आधी येतोच. हे बोलणं झालं आणि ताईंचा निर्णय फिरला.

काय केलं

त्याच दिवशी ताडपत्री वरून फूटभर उघडली आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची पूर्ण काढली. सशाला कोरडी थंडी चालते, कोंदट ऊब चालत नाही. पिल्लांसाठी नेस्ट बॉक्समध्ये गवत वाढवलं. लेंडी रोज काढायला सुरुवात केली, चुना बंद केला आणि खड्ड्यात लाकडाचा भुसा टाकला. रिकामे पिंजरे धुऊन, वाळवून फ्लेम गनने भाजले. पाश्चुरेला सशाबाहेर फार तग धरत नाही. कोरडेपणा, ऊन आणि साधी जंतुनाशकं त्याला पुरतात.

जिवंत असलेल्या १४ आजारी माद्यांपैकी ५ जणींना न्यूमोनिया, मोठी गळवं किंवा वाकडी झालेली मान होती. मान वाकडी होण्याची दुसरीही कारणं असतात, पण यातल्या मान वाकडी झालेल्या दोघींच्या कानात तोच घट्ट पू होता. या पाच जणींना वेदना न होता निरोप दिला. उरलेल्या ९ जणींना एन्रोफ्लॉक्सासिन या सशाला चालणाऱ्या प्रतिजैविकाची इंजेक्शनं दिली. चौघींना तीन आठवड्यांत पुन्हा शिंका आल्या. प्रतिजैविकाने लक्षणं दबतात, जंतू सायनसमध्ये टिकून राहतो, हे मला माहीत होतं. तरी त्या चौघींच्या वेळी वाईट वाटलंच.

निरोगी दिसणाऱ्या २६ जणींचे स्वॅब पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा घेतले. खर्च झाला, ताईंनी तो केला. ८ जणींत जंतू सापडला. १८ जणी दोन्ही वेळा स्वच्छ निघाल्या आणि त्यांना घरामागच्या जुन्या, तीन बाजूंनी मोकळ्या गोठ्यात हलवलं. तिथे आधी जायचं, मग जुन्या शेडमध्ये, उलट कधी नाही. चपला आणि बादल्या वेगळ्या. जुन्या शेडमधली पिल्लं २८ दिवसांनी आईपासून तोडली, कारण आईच्या नाकातून त्यांना जंतू मिळतो. लवकर तोडल्याने काहींना जुलाब लागले आणि चार पिल्लं गेली. तो धोका पत्करूनच निर्णय घेतला होता.

एक निर्णय ताईंचा स्वतःचा. वाहक माद्या बाजारात विकायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं. घेणारे होते. दिसायला त्या धडधाकटच होत्या, जशा नोव्हेंबरात आणलेल्या आठ होत्या.

परिणाम

दहा महिन्यांनी गोठ्यातल्या कळपात २७ माद्या होत्या. १८ जुन्या आणि ९ त्यांच्याच पोटच्या. एप्रिल-मेच्या उन्हात दोघी शिंकल्या. त्याच दिवशी त्या वेगळ्या केल्या आणि दोन्हींचा स्वॅब स्वच्छ आला. पावसाळा विनाशिंकेचा गेला. कळप जंतुमुक्त झाला असं मी म्हणणार नाही. स्वॅबमध्ये जंतू सुटू शकतो. पण मरतूक थांबली आणि वेताला सहाच्या वर पिल्लं पुन्हा जगू लागली. जुनी शेड सहा महिन्यांत रिकामी झाली.

पुन्हा करायचं झालं तर

आठ नवीन माद्या वेगळ्या जागी, वेगळ्या हवेत ३० दिवस ठेवल्या असत्या, तर बहुधा हे लिहायची वेळ आली नसती. हे ताईही म्हणतात. पहिल्या शिंकेला गवताची धूळ समजून काढलेले दहा दिवसही महाग पडले.

माझी चूक वेगळी आहे. पहिल्या भेटीत मी स्वॅब घेतले आणि हवा मोकळी केली. पण निरोगी दिसणाऱ्या सगळ्या माद्यांचे स्वॅब घ्यायला मला आणखी तीन आठवडे लागले, कारण मी लस मिळते का हे शोधत फोन करत बसले होते. त्या तीन आठवड्यांत किती निरोगी माद्या वाहक झाल्या, ते आता कळणार नाही.

गोठ्यातल्या १८ जणी वेगळ्या झाल्या तेव्हा मात्र लसीचा प्रश्न पहिल्यांदा योग्य जागी आला. गट जुळणारी लस अशाच कळपाला, नर दाखवण्याआधी द्यावी. आई सुरक्षित झाली की, चिकातून आणि गर्भातच पिल्लांनाही काही दिवसांचं संरक्षण मिळतं. म्हणून मार्चमध्ये मी पुन्हा विचारणा केली. या वेळी आजूबाजूचे आणखी दोन पालक सामील व्हायला तयार होते, म्हणजे तुकडीचा खर्च विभागला गेला असता. पण तोवर आमच्या नमुन्यांतला जंतू प्रयोगशाळेत शिल्लक नव्हता. ठरलेल्या मुदतीनंतर तो नेहमीप्रमाणे नष्ट केला गेला होता. जपून ठेवा असं मी सांगितलंच नव्हतं. आता नमुन्याच्या प्रत्येक अर्जावर मी खाली हाताने एक ओळ लिहिते : जंतू सापडल्यास गोठवून ठेवावा, मालकाला कळवल्याशिवाय टाकू नये.